धैंचा गाडला आणि धान पिवळं पडलं

रामराम. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात. साडेतीन एकर धानाची जमीन, पाच बांध्या (बांध घातलेले तुकडे), सगळी पावसाच्या भरवशावर. गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव भरला तर ऑक्टोबरात एखादं पाणी मिळतं, नाही तर नाही. मागच्या वर्षी दोन बांध्यांत हिरवळीच्या खतासाठी धैंचा टाकला. पेरला मृगात, पण मग पाऊस दडी मारून बसला आणि रोवणी (धानाची लावणी) आली ऑगस्टच्या वीस तारखेला. तोवर धैंचा माझ्या डोक्याच्या वर गेला होता. रोटाव्हेटरला दांडे गुंडाळले, ट्रॅक्टरवाल्यानं दोनदा फिरवून दुप्पट पैसे घेतले. रोवणी होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तर धान पिवळं पडायला लागलं. शेवटी त्या दोन बांध्यांत बाकीच्यांपेक्षा एकरी दोनेक क्विंटल कमीच झालं. बाबा तेव्हापासून एकच सांगतात, ‘मी तुले पयलेच सांगतलो होतो.’ बायको म्हणते, युरियाची एक बोरी टाकली असती तर एवढा कुटाणा लागला नसता. यंदा पुन्हा करू की सोडून देऊ? केला तर युरिया किती कमी करता येईल? माझा मेहुणा अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडे ज्वारी आणि हरभरा घेतो, तिकडचं पाणी खारं आहे. त्यानंही विचारायला सांगितलं आहे.
ता. क. डब्यात सहा किलो धैंच्याचं बी उरलं आहे. ते चालेल का?
– एक धान उत्पादक, सिंदेवाही तालुका

भाऊ, रामराम.

तुमचं पत्र वाचताना मी पहिल्यांदा बोटं मोजली. मृग लागतो ७-८ जूनला. तिथून २० ऑगस्टपर्यंत सत्तर दिवसांच्या वर होतात. धैंचा गाडायचा असतो ४० ते ५० दिवसांचा, फुलावर येता येता. तुम्ही गाडलं ते हिरवळीचं खत राहिलंच नव्हतं, ती जळाऊ काडी झाली होती. त्यात तुमचा दोष कमी आणि पावसाचा जास्त. पण धैंच्याला शिव्या देण्याआधी जमिनीत नेमकं काय झालं ते बघू, कारण यंदाचा निर्णय त्यावरच आहे.

कोवळा धैंचा म्हणजे पाला आणि रसरशीत दांडा. त्यात एक भाग नत्राला (नायट्रोजनला) साधारण पंधरा ते वीस भाग कर्ब (कार्बन) असतो. जमिनीतले कुजवणारे जिवाणू तो खातात, त्यांचं पोट भरून नत्र उरतं आणि ते धानाला मिळतं. दांडा लाकडी झाला की हेच प्रमाण चाळिसाच्या पुढं जातं. आता जिवाणूंना खायला कर्ब भरपूर, पण अंग वाढवायला नत्र पुरत नाही. मग ते बांधीतलं आधीचं नत्रही ओढून घेतात. तुमचे पऱ्हे (रोपं) नुकते रोवलेले, मूळ धरायच्या तयारीत, आणि नेमकं तेव्हाच ताटातलं दुसरा खाऊन गेला. काही आठवड्यांनी ते नत्र परत सुटतं, पण तोवर फुटव्यांचा काळ सरलेला असतो. ज्या धानाला फुटवे कमी, त्याला पुढं कितीही हिरवा रंग आला तरी लोंब्या कुठून येणार?

एक शंका मात्र राहते. पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांवर शेंड्याकडून आला होता की पानांवर तांबूस, गंजल्यासारखे ठिपके होते? पहिलं असेल तर वर सांगितलं तेच. दुसरं असेल तर जस्ताची कमतरता आहे. पाणी साचलेल्या बांधीत एकाच वेळी भरपूर ओला कचरा कुजायला लागला की जस्त धानाला मिळेनासं होतं. तसे ठिपके आठवत असतील तर यंदा चिखलणीच्या वेळी एकरी दहा किलो झिंक सल्फेट टाका. पण स्फुरदाच्या खतात मिसळून नको, वेगळं.

आता बाबांबद्दल. त्यांचं ऐकलं नाहीत म्हणून अपराधी वाटून घेऊ नका आणि त्यांना अडाणीही समजू नका. त्यांच्या पिढीनं तलावाचा गाळ बांधीत टाकला, उन्हाळ्यात मेंढ्या बसवल्या, धान कापायच्या आधी ओलीवर लाखोळी (लाख डाळ) फेकली. हेही जमिनीचं पोट भरणंच होतं. त्यांना खटकतं ते एवढंच, की पावसाच्या भरवशावरच्या बांधीत रोवणीआधी दुसरं पीक उभं करणं म्हणजे तारखांचा जुगार. आणि ते खरं आहे. मी स्वतः हा जुगार हरलेला माणूस आहे.

२००९ साली पावसानं दगा दिला तेव्हाची गोष्ट. दोन एकर काळ्या जमिनीत मी बोरू (ताग) पेरला होता. पुढं गहू घ्यायचा, म्हणून ऐटीत ऑगस्टच्या शेवटी गाडला आणि पाऊस गेला तो गेलाच. नोव्हेंबरात पेरणीला गेलो तर बोरूचे दांडे जसेच्या तसे, फक्त रंग काळा झालेला. तिफणीच्या फणात अडकून गठ्ठेच्या गठ्ठे वर येत होते. मागून उधई (वाळवी) लागली, ती दांड्यांवरून गव्हाच्या मुळांवर गेली. शेजारी धुऱ्यावर (बांधावर) उभा राहून विचारायचा, ‘काय राजेहो, दोर वळायचा विचार आहे का?’ तेव्हा राग आला होता. पण त्याच्या टोमण्यातच खरी परीक्षा होती. बोरूचा दांडा मोडून बघायचा. कट्‌कन मोडला आणि आतून पाणी आलं तर गाडायला योग्य. मोडताना साल सुटून सुतळीसारखी लोंबली तर तो आता दोराच्याच कामाचा. धैंच्याला एवढी साल सुटत नाही, पण मोडताना लवतो आणि आत पांढरं लाकूड दिसतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सांगतो. पुन्हा करा, पण एकाच बांधीत आणि तारीख आधी ठरवून.

बांधीत धैंचाच हवा. बोरू पाणी सहन करत नाही, आठ दिवस पाणी साचलं की पिवळा पडून मरतो. तो पाणी न तुंबणाऱ्या शेतासाठी. धैंच्याला गुडघाभर पाणी आवडतं असं म्हटलं तरी चालेल. बी एकरी १५ ते २० किलो. कमी टाकलं तर झाडं विरळ येतात, अंगानं जाड होतात आणि लवकर लाकूड धरतात. दाट पेरलेला धैंचा बारीक आणि कोवळा राहतो, म्हणून इथं बियाण्यात काटकसर करू नये. धैंच्याच्या बियाची साल कडक असते, रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी पेरलं तर उगवण एकसारखी येते.

पेरायचं कधी हा तुमच्याकडचा खरा पेच आहे. ज्यांच्याकडं विहीर किंवा बोडीचं (लहान तळ्याचं) पाणी आहे त्यांनी रोहिणी लागताना, २५ मेच्या आसपास पेरावा, दोन-तीन पाण्यांवर जगवावा आणि पुनर्वसूत, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात गाडून लगेच रोवणी करावी. तुमच्याकडं पाणी नाही, तेव्हा हा सल्ला तुमच्या कामाचा नाही. शिवाय मे महिन्यात गावभर मोकाट गुरं असतात आणि कोवळा धैंचा म्हणजे त्यांना पंगत.

तुम्ही असं करा. मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की धैंचा टाका. आणि पऱ्हे मात्र त्याच दिवशी टाकू नका, पंधरा दिवस थांबा. आर्द्रा लागल्यावर, २५ जूनच्या सुमारास त्या एका बांधीपुरते पऱ्हे वेगळे टाका. म्हणजे २० जुलैला, पुष्य नक्षत्रात, धैंचा ४० दिवसांचा आणि पऱ्हे २५ दिवसांचे, दोघंही वयात आलेले सापडतील. यासाठी भारी (उशिरा पकणारं) धान घेऊ नका. इतक्या उशिरा टाकलेलं भारी धान नोव्हेंबरात पाण्यावाचून अडेल. १२५ ते १३५ दिवसांचं मध्यम धान घ्या. वाण कोणता, ते सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन विचारा. हाकेच्या अंतरावर आहे आणि तुमच्या भागातल्या जमिनीवरच त्यांचं काम चालतं.

आणि पाऊस पुन्हा दडून बसला तर? मागच्या वर्षी इथंच चुकलं. रोवणी लांबली म्हणून धैंचा उभा ठेवू नका. पन्नासाव्या दिवशी पाऊस असो वा नसो, विळा लावा. वरचा कोवळा हात-दीड हाताचा शेंडा कापून बांधीतच पसरा. खालचा दांडा कडक वाटला तर धुऱ्यावर काढून टाका, वाळला की चुलीत जाईल. कापून पडलेल्या पाल्यातलं थोडं नत्र उडून जातं, पण तो गाडताना रोटाव्हेटर अडकत नाही आणि धान पिवळं पडत नाही. सगळं मिळवायला गेलात तर मागच्या वर्षीसारखं सगळंच हातचं जाईल.

पेरल्यावर साधारण पंचविसाव्या दिवशी एक काम न चुकता करा, आणि शक्यतो बाबांना सोबत घेऊन. चार-पाच ठिकाणची झाडं कुदळीनं मातीच्या गोळ्यासकट काढा. उपटू नका, उपटली तर गाठी जमिनीतच राहतात. बादलीत बुडवून माती विरघळू द्या. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं चिरा. आतून लालसर गुलाबी निघाली तर हवेतलं नत्र धरायचा कारखाना चालू आहे. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या पदार्थाचा असतो, गाठीत प्राणवायू बेतानं फिरवायचं काम तो करतो. आतून पांढरी असेल तर गाठ अजून कोवळी किंवा निकामी आणि हिरवट-तपकिरी असेल तर म्हातारी झालेली. गाठीच नसतील, तर तुमचा धैंचा हवेतलं नत्र घेतच नाही, जमिनीतलंच उचलून पुन्हा जमिनीला देतो आहे. अशा वेळी त्याच्याकडून युरियाची बचत धरू नका.

गाठी येण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, जिवाणू. धैंच्याला लागणारे जिवाणू बहुतेक धानाच्या जमिनीत असतात, तरी पहिल्यांदा पेरताना त्याचंच जिवाणू संवर्धन लावलं तर बरं. घरात सोयाबीनचं उरलेलं पाकीट असेल तर ते लावू नका. सोयाबीनचा जिवाणू वेगळा आणि धैंच्याचा वेगळा, कुलूप एकाचं आणि किल्ली दुसऱ्याची असं होतं. बोरूचा जिवाणू चवळीच्या घराण्यातला असतो. दुसरी गोष्ट, स्फुरद. धानाला तुम्ही जे सिंगल सुपर फॉस्फेट टाकणारच आहात, त्यातलं निम्मं आधीच धैंच्याला द्या. ते वाया जात नाही, धैंच्यातून फिरून धानालाच येतं. तसं पाहिलं तर हिरवळीचं खत नवं आणतं ते फक्त नत्र. स्फुरद आणि पालाश ते जमिनीतूनच घेतं आणि जमिनीतच ठेवतं. तेव्हा ‘धैंचा गाडला, आता बाकी काही लागत नाही’ असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

गाडताना बांधीत चार-पाच बोटं पाणी हवं. आधी फळी फिरवून धैंचा एका दिशेला आडवा करा आणि त्याच दिशेनं नांगर किंवा रोटाव्हेटर घाला. उलट्या दिशेनं गेलात की गुंडाळी होणार. ट्रॅक्टरवाल्याला हे आधी सांगा, त्यालाही डिझेल वाचतंच. गाडल्यावर लगेच रोवणी केली तरी धान मरत नाही. पण सवड असेल तर आठवडाभर थांबा. कोवळा धैंचा साचल्या पाण्यात झपाट्यानं कुजतो. चौथ्या-पाचव्या दिवशी बांधीत पाय टाकलात तर बुडबुडे वर येतील, वासही येईल. घाबरायचं नाही. मात्र त्या दिवसांत धुऱ्याचं तोंड उघडून पाणी सोडू नका आणि बांधी कोरडीही पडू देऊ नका. कुजताना सुटलेलं नत्र पाण्याखाली अमोनियमच्या रूपात मातीला धरून बसतं. बांधी वाळली की त्याचं नायट्रेट होतं आणि पुन्हा पाणी भरलं की ते हवेत उडून किंवा पाझरून जातं. पावसाच्या भरवशावर पाणी धरून ठेवणं नेहमी आपल्या हातात नसतं, म्हणूनच एकच बांधी म्हणतो, आणि तीही खालची, जिथं वरच्या बांध्यांचं पाणी उतरतं ती.

युरियाचा हिशेब वहिनींना समोर बसवून करू, कारण त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. धानाला हेक्टरी १०० किलो नत्र धरलं तर एकरी ४० किलो. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४५ किलोच्या बोरीत वीस किलोच्या थोडं वर. एकराला दोन बोऱ्या झाल्या. आता धैंचा. गाडायच्या दिवशी एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा, आतला धैंचा कापून ताज्या वजनानं तोला. दोन किलो भरला तर एकरात ४,००० चौरस मीटर धरून आठ टन. ताज्या धैंच्यात नत्र साधारण ०.४ टक्के, म्हणजे कागदावर ३२ किलो. पण त्यातलं काही नत्र जमिनीचंच असतं आणि पहिल्या हंगामात पिकाला त्याचा काही भागच मिळतो. म्हणून मी एकरी एक बोरी कमी करायला सांगेन, रोवणीच्या वेळची. उरलेली एक बोरी अर्धी फुटव्यांच्या वेळी आणि अर्धी लोंबी धरायच्या आधी. तीही पानाचा रंग बघून. पान गडद हिरवं असेल तर शेवटचा हप्ता टाकूच नका.

हे शेवटचं गमतीनं घेऊ नका. धैंचा नीट जमला आणि वर नेहमीइतका युरियाही पडला, की धान माजतं. हिरवंगार, दाट, आतून हवा न खेळणारं. मग कडाकरपा येतो, तुडतुडे बुंध्याशी बसतात आणि ऑक्टोबरच्या वाऱ्यात सगळं लोळतं. धैंच्याची बांधी पिवळी पडून जितकी नुकसान करते, तितकीच जास्त हिरवी होऊनही करते.

तर एका बोरीची बचत झाली. ४५ किलोची युरियाची बोरी अनुदानामुळं २६६ रुपये ५० पैशांना मिळते. धैंच्याचं बी आणि ट्रॅक्टरची एक जादा फेरी याचा खर्च त्याहून जास्त आहे. वहिनी जिंकल्या! केवळ युरिया वाचवायला धैंचा करत असाल तर करू नका, गणित बसत नाही. तुमची एखादी बांधी वरकस, खरडी असेल, जिथं पाणी टिकत नाही आणि टाकलेला युरिया चार दिवसांत दिसेनासा होतो, किंवा एखादी इतकी घट्ट असेल की उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तर तिथं धैंच्याचा उपयोग आहे. सेंद्रिय कर्ब वाढला की माती ओल धरते, खत धरते. पण ही कमाई दोन-तीन वर्षांनी हातात येते आणि तीही दरवर्षी किंवा वर्षाआड केलं तर. पहिल्याच वर्षी धान दुप्पट होतं असं सांगणारा भेटला तर त्याच्याकडं बियाण्याचं पोतं आहे का ते बघा.

बियाण्याचा खर्च मात्र कमी करता येतो. धुऱ्यावर एक ओळ धैंचा उभा सोडा. दिवाळीनंतर शेंगा वाळतील, पुढच्या वर्षाचं बी घरचं. वेळेत झोडपून घ्या, नाही तर शेंगा तडकून बी बांधीत पडेल आणि पुढं धानात तण म्हणून उगवेल.

धुऱ्यावर आणखी एक करण्यासारखं आहे, गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून फांद्या छाटता येतात आणि पाऊस कधीही येवो, पाला तयारच असतो. रोवणी लांबली तर तो लांबलेल्या रोवणीची वाट बघत झाडावरच थांबतो, धैंच्यासारखा बांधीत लाकूड होत बसत नाही. उग्र वासामुळं गुरं सहसा तोंड लावत नाहीत. शेळ्या मात्र सोडत नाहीत. पाच बांध्यांचे धुरे म्हणजे बरीच लांबी होते, मीटर-दीड मीटरवर एकेक लावत गेलात तर शेकड्यानं झाडं बसतात. पण हिशेब सांगून ठेवतो. ताज्या पाल्याचा एक टन एकरात टाकलात तर सहा-सात किलो नत्र मिळतं. तो कापून, वाहून, पसरायला माणसं लागतात. धुऱ्याजवळच्या दोन ओळींना सावलीही लागते. पावसाच्या भरवशावरच्या शेतकऱ्याला तरीही मी धैंच्याआधी गिरिपुष्पच सांगेन. सावकाश का होईना, तारखेचा धाक नाही.

तुमच्या शेजारपाजारी कोणी आवत्या (रोवणी न करता थेट बी) पेरत असेल तर त्यांच्यासाठी एक वाट आहे. धानासोबतच धैंचा पेरायचा आणि २५ ते ३० दिवसांनी त्यावर २,४-डी हे तणनाशक मारून तो उभ्याउभ्या वाळवायचा. पाला तिथंच गळून आच्छादन होतं, तणही दबतं. धानाला हे औषध मारत नाही, पण रुंद पानाच्या प्रत्येक पिकाला मारतं. शेजारी कापूस, तूर किंवा मिरची असेल तर वाऱ्यावर गेलेल्या तुषारांनीही पानं वाकडी होतात आणि भांडणं लागतात. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते आपण पाहिलं आहे. चेहऱ्याला फडकं गुंडाळून भागत नाही. तुम्ही रोवणीवाले आहात, तुम्हाला या वाटेनं जायचं कारण नाही.

मेहुण्याला माझा निरोप थोडक्यात सांगा. दर्यापूरचा भाग खारपाणपट्ट्यातला आहे, तिथं बोरूपेक्षा धैंचा बरा, तो क्षार सोसतो. पण हरभऱ्याच्या शेतात काहीही गाडायची गरज नाही, हरभरा आपलं नत्र आपण मिळवतो. जे काय करायचं ते ज्वारीच्या तुकड्यात. मृगात पेरून पन्नास दिवसांच्या आत, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गाडला, तर सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात रब्बी ज्वारी पेरेपर्यंत महिन्याच्या वर कुजायला मिळतो. अडचण अशी की काळ्या जमिनीत ऑगस्टात वाफसा कधी येईल हे सांगता येत नाही, आणि त्या तुकड्याचा खरीप बुडतो. म्हणून मी तिथं मूगच घेईन. शेंगा तोडून घ्यायच्या, चार पैसे करायचे आणि पाला हिरवा असतानाच वखरून जमिनीत घालायचा. त्याला असंही वाटत असेल की सोयाबीन घेतलं म्हणजे नत्र आलंच. नाही. सोयाबीन जे नत्र कमावतं त्यातलं बरंच दाण्यात भरून बाजारात जातं, आणि कुटारही (भुसाही) आपण शेतातून उचलतो. मग शेतात उरतात ती मुळं आणि गळलेली पानं.

आता एकच बांधी का, याबद्दल. तुमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यात, नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे धान उत्पादक शेतकरी होते. पटेल-३ या धानाच्या वाणाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या मोजक्या लोंब्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं वेगळ्या पेरल्या, शेजारी ठेवून तुलना केली आणि त्यातून एचएमटी धान निघालं. आज अर्धा महाराष्ट्र ते खातो. त्यांच्याकडं प्रयोगशाळा नव्हती, वेगळं ठेवायची आणि मोजायची चिकाटी होती. तुम्हीही बांधीच्या मधून बांबूच्या खुंट्या ठोका. अर्ध्यात धैंचा, अर्ध्यात नाही. वाण एक, रोवणीचा दिवस एक. कापणीला दोन्ही भाग वेगळे चुरा (मळा) आणि वेगळे तोला. मागच्या वर्षी तुम्ही वेगवेगळ्या बांध्यांची तुलना केलीत, त्यात जमिनीचा फरकही मिसळला असेल. खुंट्या कुठं ठोकायच्या ते बाबांना ठरवू द्या. कुठला कोपरा नेहमी कमी पिकतो हे त्यांना माहीत असतं.

ता. क. ला ता. क. सहा किलो बी चालण्याचा संभव बराच आहे, कडक सालीचं बी टिकतं. पण गेल्या वर्षी मीच एका दुकानातून आणलेलं सीलबंद पाकीट निम्मंही उगवलं नव्हतं, तेव्हा सीलबंद असो की डब्यातलं, आधी तपासा. शंभर दाणे मोजून रात्रभर भिजवा, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. पाचव्या दिवशी मोड आलेले मोजा. ऐंशीच्या वर निघाले तर बिनघोर पेरा. साठ निघाले तर बी तेवढ्या पटीनं वाढवा. सहा किलोत एक तृतीयांश एकर जेमतेम होईल, तुमच्या अर्ध्या बांधीला तेवढं पुरतं की नाही ते तेवढं बघून घ्या.